स्पर्धात्मक पूलमध्ये खास साधने वापरू द्यावीत का?

पूल, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून ते खिशांत घालण्याचा खेळ, आणि त्या काठीला क्यू म्हणतात. जंप क्यू (बॉलला उडी मारायला लावणारी), ब्रेक क्यू (डावाच्या सुरुवातीला बॉलचा जमाव फोडण्याच्या, म्हणजे ब्रेकच्या फटक्यासाठीची), कार्बन फायबरची शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) यांसारखी साधने स्पर्धेत वापरू द्यावीत का, असे आपण विचारले आहे. सरसकट बंदी घालणे मला अन्यायाचे वाटते. जंप क्यूला मात्र स्पर्धेत स्थान असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये रुळली आणि त्यानंतरच क्यूने ज्याला मारतात त्या पांढऱ्या बॉलला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. म्हणजे आज आपण ज्याला निव्वळ हातातले कसब म्हणतो, त्याच्या मुळाशीही एक साधनच आहे. कार्बन फायबरच्या शाफ्टचेही तसेच आहे. बाजूने फिरकी देताना पांढरा बॉल नेमाच्या रेषेपासून उलट दिशेला किंचित सरकतो. टोकाकडचे वजन कमी असल्यामुळे या शाफ्टने तो कमी सरकतो इतकेच, आणि उरलेला फरक हिशोबात धरून नेम साधण्याचे काम खेळाडूलाच करावे लागते. ब्रेक क्यूने तर रोजच्या क्यूच्या टिपेची झीज वाचते.

जंप क्यूचा प्रश्न निराळा आहे. क्यू वर उचलून बॉलवर तिरका खालच्या दिशेने फटका मारला, की बॉल टेबलाच्या दगडी पाटावर दाबला जाऊन उसळतो. नेहमीची लांब, जड क्यू त्या क्षणी बॉलच्या वाटेतून लवकर दूर होत नाही आणि उसळी दबते; आखूड, हलकी आणि कडक टिपेची क्यू मात्र झटकन मागे फिरते, त्यामुळे वाटेत आडवा असलेला बॉल अगदी जवळ असतानाही उडी साधते. आंतरराष्ट्रीय नियमांत क्यूची किमान लांबी 40 इंच ठरवलेली आहे, पण एवढ्या लांबीतही हा फायदा पुरेपूर मिळतो.

याची किंमत मोजतो तो समोरचा खेळाडू. त्याने विचारपूर्वक सेफ्टी (समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावात्मक फटका) खेळून पांढरा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड लपवलेला असतो आणि त्याचे ते श्रम एका वेगळ्या क्यूमुळे बरेचसे वाया जातात. 1995 साली अमेरिकेतील रेनो येथील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेचे खेळाडू अर्ल स्ट्रिकलंड यांच्याविरुद्ध फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस यांनी दोन कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडांवरून) बॉल फिरवून लपलेल्या बॉलला गाठले. तो फटका आजही आवर्जून दाखवला जातो. खेळाडूला असे कोन शोधायला लावणे हेच तर सेफ्टीचे काम आहे. जंप क्यूलाही सराव लागतो, हे मला पूर्ण मान्य आहे. उडी मारल्यावर बॉल नेमका हवा तिथे उतरवणे सोपे नाही. परंतु ते कसब ज्याला दाखवायचे असेल, त्याने खेळायच्या क्यूनेच दाखवावे.

म्हणून उडीवर बंदी नसावी. ब्रेकसाठी एक क्यू आणि उरलेल्या सगळ्या फटक्यांसाठी, उडीसह, दुसरी एकच क्यू, असा नियम केला तर पंचालाही तो पाळून घेणे सोपे जाईल. हात पोहोचत नसल्यास रेस्ट (क्यू टेकवायची आधारकाठी) किंवा एक्स्टेन्शन (क्यूची लांबी वाढवणारा जोड) वापरण्याची मुभा मात्र सर्वांना राहावी. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांना तर त्यावाचून टेबलाचा मोठा भाग गाठताच येणार नाही.