दुसऱ्या महायुद्धात लष्करी तळांचे फुटबॉल संघ कॉलेजच्या संघांना खरंच हरवत होते का?

हो, आणि चांगल्या चांगल्यांना. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल.) मला सगळ्यात आवडतो तो शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल प्रशिक्षण केंद्राचा १९४३ चा हंगाम. प्रशिक्षक टोनी हिंकल. भरतीमुळे कॉलेजचे आणि व्यावसायिक संघांचे खेळाडू तळांवर येऊन पडत, त्यामुळे संघ दमदार व्हायचा. पण बदलीचा हुकूम आला की हातातला खेळाडू गेलाच.

पर्ड्यू आणि ओहायो स्टेट या कॉलेजांकडून हरलेला हा संघ २७ नोव्हेंबरला नोत्र दाम या कॉलेजच्या संघासमोर उभा राहिला. नोत्र दाम तोवर अजिंक्य, ९ पैकी ९. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हाही तेच १४-१२ ने पुढे होते. तेवढ्यात स्टीव्ह लाखने लांब पास फेकला, पॉल अँडरसनने तो झेलून थेट टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेला. १९-१४! खलाशी प्रेक्षकांचं काय झालं असेल, कल्पना करा.

तरीही राष्ट्रीय विजेता नोत्र दामच ठरला, आणि माझ्या मते ते योग्यच होतं: आदल्याच आठवड्यात त्यांनी आयोवा प्री-फ्लाइट या दुसऱ्या बलाढ्य नौदल संघाला १४-१३ असं हरवलं होतं.