शोक, सजगता आणि स्वतःविषयीची करुणा

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचे अकस्मात निधन झाले. त्याआधी दीर्घकाळ एका क्षुल्लक वादावरून आमचे बोलणे बंद होते. मन शांत व्हावे म्हणून मी श्वासाकडे लक्ष देण्याचा अभ्यास आणि मैत्रीभावना, म्हणजे स्वतःचे व इतरांचे कल्याण चिंतण्याचे ध्यान, करतो. परंतु भावाचे कल्याण चिंतू लागलो की रडू कोसळते आणि मग दिवसभर स्वतःचाच राग येत राहतो. माझी आसक्तीच फार आहे, असे समजावे का? – एक वाचक

उत्तर : आपल्या अडचणीचा एक भाग अभ्यासाच्या पद्धतीत आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मैत्रीभावनेसंबंधी स्पष्ट सूचना आहे, की मृत व्यक्तीला भावनेचा विषय करू नये. आपल्या आचार्यांना मनासमोर ठेवून मैत्रीभावना करणाऱ्या एका भिक्षूची हकीकत तेथे येते. काही केल्या त्याला ध्यान साधेना. पुढे आचार्य निवर्तल्याचे कळल्यावर त्याने दुसऱ्या व्यक्तीपासून आरंभ केला आणि ते साधले. बुद्धघोषांचा रोख समाधीकडे आहे, शोकाकडे नाही. तरीही त्यांनी दिलेला क्रम आपल्या उपयोगी पडेल. तो स्वतःपासून सुरू होतो, आदरणीय आणि प्रिय व्यक्तींकडे जातो, त्यानंतर ज्याच्याविषयी ना प्रेम ना द्वेष अशा माणसाकडे, आणि अखेरीस वैऱ्याकडे. आपण स्वतःला वगळून थेट त्या भावाकडे गेलात, जो दिवंगत आहे आणि ज्याच्याशी बिनसलेलेही होते. तूर्त ही भावना स्वतःपुरती आणि एखाद्या हयात, निःशंकपणे जवळच्या माणसापुरतीच ठेवावी.

आसक्तीचे म्हणाल, तर अशा वेळी मृत मुलासाठी औषध मागत फिरलेल्या आणि मृत्यू न झालेले एकही घर न सापडलेल्या किसा गोतमीची कथा हमखास सांगितली जाते; पण मृत्यू सर्वांच्याच घरी येतो हे कळल्याने अपराधभाव हलका होत नाही. मला बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तातील, त्यांचा सेवक-शिष्य आनंद याचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. कुशीनारा येथे बुद्धांचा अंतकाळ जवळ आला असता आनंद विहारात जाऊन रडत उभा राहिला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले, प्रिय असलेल्या सर्वांचा वियोग अटळ असतो याची आठवण दिली आणि पाठोपाठ, इतका काळ त्याने काया, वाचा व मनाने केलेल्या मैत्रीपूर्ण सेवेची मनापासून प्रशंसा केली. आपण स्वतःला या बोलण्याचा केवळ पूर्वार्ध ऐकवीत आहात.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील सल्ल सुत्तात एका बाणाने विद्ध झालेल्या माणसाला दुसराही बाण लागल्याचा दृष्टान्त आहे. तेथे पहिला बाण शारीरिक वेदनेचा आणि दुसरा त्यापोटी होणाऱ्या मानसिक तळमळीचा आहे. मनाच्याच जखमेला तो लावताना रेघ थोडी सरकवावी लागते : भाऊ गेल्याचे दुःख हा पहिला बाण, आणि ‘मी आधी बोललो असतो तर’ या विचारामागून येणारी स्वतःची निर्भर्त्सना हा दुसरा. सजगतेने पहिला बाण निघत नाही, आणि तो निघावा म्हणून ध्यानाला बसल्यास प्रत्येक अश्रू अपयशासारखा वाटू लागतो. सजगतेविषयीच्या सतिपट्ठान सुत्तातील चित्तानुपश्यनेच्या, म्हणजे चित्ताच्या निरीक्षणाच्या, भागात चित्त सराग (आसक्तीयुक्त) असेल तर सराग, सद्वेष असेल तर सद्वेष आहे असे जाणावे, एवढेच सांगितले आहे. रडू आले की घशातला आवंढा, छातीतला दाब यांकडे लक्ष द्यावे. स्वतःला दोष देणारे वाक्य मनात उमटले की ‘हा राग आहे’ असे ओळखावे, त्याच्याशी वाद घालू नये. फारच भरून आले तर डोळे उघडून उठावे, चालताना पावलांकडे लक्ष द्यावे.

झोप वा भूक बरेच दिवस बिघडलेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ध्यानाच्या भरवशावर न राहता मानसोपचारतज्ज्ञांना त्वरित भेटावे.

करुणेलाही आनंदाच्या सेवेप्रमाणे काया आणि वाचा असतात. भावाच्या मागे त्याची पत्नी, मुले किंवा मित्र असतील, तर त्यांची विचारपूस करावी, कामात हात द्यावा. आपल्या अबोल्याची खंत त्यांच्यापाशी बोलून दाखवायची की नाही, हे मात्र त्यांची ऐकण्याची तयारी पाहून ठरवावे. केवळ आपले मन हलके व्हावे म्हणून ते ओझे त्यांच्यावर टाकू नये.