राग, त्रागा आणि टेंबलाई

प्रश्न असा आलाय, एका ताईंना समुपदेशक बाईंनी सांगितलं की राग दाबू नका, व्यक्त करा. घरी येऊन तसं केलं तर नवरा म्हणाला "उगाच त्रागा कशाला करतीयस". तर राग आणि त्रागा एकच का, आणि 'व्यक्त करणे'ला आपल्या बोलण्यातला साधा शब्द कुठला?

एकच नाहीत हो. त्राग्यात राग असतो दुसऱ्यावर पण भोगायचं स्वतः, म्हणजे जेवायचं नाही, कपाळ बडवून घ्यायचं, "मी मेले की सुटाल सगळे" वगैरे. पूर्वी काठेवाडाकडं चारण-भाट लोक व्यवहारात जामीन राहायचे आणि समोरच्यानं शब्द मोडला तर स्वतःलाच जखम करून घ्यायचे, म्हणजे रक्ताचं पाप त्याच्या माथी, त्यालाच त्रागा म्हणायचे. शब्द मोडणाऱ्याला चांगलाच धाक असायचा त्याचा. आता बाईनं नुसता आवाज चढवला तरी त्रागा, आणि बाप्यानं ताट भिरकावलं तर "तापट आहे जरा, मनानं चांगलाय". असो.

'रागावणे' पण बघा, ते वरून खाली येतं. सासू सुनेवर रागावली म्हणजे बोलली. सून सासूवर रागावली म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं रुसली, गप्प बसली. शब्द तोच! 'राग काढणे' तर बहुतेक वेळा भलत्यावरच निघतो, पोरांवर नाहीतर भांड्यांवर.

रुसण्याचं कोल्हापूरकरांना काय सांगायचं. कोल्हासुराला मारल्यावर अंबाबाई विजयाच्या सोहळ्याला त्र्यंबोलीला, म्हणजे आपल्या टेंबलाई देवीला, बोलवायचं विसरली, ती रुसून टेकडीवर जाऊन गावाकडं पाठ करून बसली, म्हणून नवरात्रात पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, कोहळा फोडतात. म्हणजे रुसण्यात समोरच्यानं ओळखायचं आणि यायचं अशी अट असते, नाही आला तर बसा पाठ करून. देवीकडं दरवर्षी पालखी येते, आमच्याकडं बाहेरच्या खोलीतून "चहा टाक गं" येतं.

आता व्यक्त करणे. मला तो भाषणातला शब्द वाटतो. 'बोलून दाखवणे' सुचेल पण नको, त्याला उपकार काढून दाखवल्याचा वास आहे ("केलेलं बोलून दाखवती"). मी 'राग सांगणे' म्हणीन, दुखणं सांगतो तसं. मराठीत राग करावा लागत नाही, ताप येतो तसा तो 'येतो', मग आलाय तर सांगायचा: "मला राग आलाय, पाहुणे येणार हे मला सकाळीच कळायला पाहिजे होतं." झालं. यात 'तू नेहमी असाच' नाही, मागच्या दिवाळीचं उकरणं नाही, आणि आवाज चढलाच थोडा तरी तो त्रागा होत नाही.

आमच्याकडच्या पोरी स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, पुण्याचे लोक हसतात त्याला. परवा भाची आईला म्हणाली, "आई, मी चिडलोय तुझ्यावर, आत्ता नको, जेवून बोलतो." आणि खरंच दोन भाकऱ्या खाऊन, हात धुऊन बोलायला बसली.