टपावरचा एसी आणि खाली आपण घामाघूम : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आमच्या ट्रेलरच्या (म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराच्या) ट्रिपबद्दल चार ओळी काय लिहिल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे प्रश्नच प्रश्न आले. मला वाटलं कुठे जायचं, काय बघायचं विचारतील, पण निम्म्याहून जास्त पत्रं टपावरच्या एसीबद्दल! बरोबरच आहे म्हणा, जुलैत टेक्ससला ट्रेलरमध्ये एसी बंद पडला की यलोस्टोनचे फोटो कोणाला आठवतात. तर यावेळी फक्त एसी.

प्रश्न : काका, आमचा २४ फुटी ट्रेलर आहे, ३० अँपवाला, टपावर १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करायच्या ताकदीचं माप) एसी. जुलैत सॅन अँटोनिओजवळ कॅम्पग्राउंडला होतो. दुपारी चारला एसी नुसता हूंऽऽ करायचा, थंड काही नाही, आणि थोड्या वेळाने ब्रेकर पडायचा. रात्री अकराला मात्र गुमान चालू. एकाला बोलावलं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं की कॉम्प्रेसर गेला, नवीन युनिट टाका. आमचे हे म्हणतात गॅस संपला असणार. कोणाचं ऐकू? — एक वाचक, डॅलस

उत्तर : ताई, दोघांचंही नको. रात्री अकराला चालतो असं तुम्हीच लिहिलंय, आणि गेलेला कॉम्प्रेसर रात्री उठून बसत नाही हो.

आधी गॅसचं बोलू, कारण आपल्याकडे एसी बिघडला की पहिलं वाक्य तेच असतं, "गॅस भरून घ्या". घरच्या स्प्लिट एसीला गॅस भरायला व्हॉल्व्ह असतो, या टपावरच्या युनिटला बहुतेक वेळा नसतोच. कारखान्यात गॅस भरून तांब्याच्या नळ्या डाग देऊन कायमच्या बंद केलेल्या असतात, फ्रिजसारख्या. भरायचा झाला तर आधी कोणीतरी व्हॉल्व्ह बसवायला पाहिजे, आणि अमेरिकेत त्या माणसाकडे ईपीएचं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याचं, सर्टिफिकेट असावं लागतं. शिवाय गॅस गळाला असता तर कॉम्प्रेसर आरामात चालू झाला असता, फक्त हवा गार आली नसती. तुमचा तर चालूच होत नाहीये.

चालू का होत नाही, तर दुपारी चारला अख्ख्या कॅम्पग्राउंडचे एसी लागलेले असतात आणि साइटवर ट्रेलरची केबल जोडायचा जो विजेचा खांब असतो त्यात १२० व्होल्टऐवजी शंभर-एकशेचारच येत असतात. कॉम्प्रेसर उठताना एक क्षणभर चालू करंटच्या चार-पाच पट करंट ओढतो, व्होल्टेज पडलं असेल तर त्याला तो जोर मिळत नाही, मग तो अडकल्या जागी हूं करत बसतो, वायंडिंग तापतं, आणि शेवटी जास्त तापलं की वीज तोडणारा आतला ओव्हरलोड स्विच नाहीतर ब्रेकर त्याला सोडवतो. हे रोज दुपारी चार वेळा होऊ दिलं तर मात्र टेक्निशियनची भविष्यवाणी खरी ठरेल. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो ट्रेलरमध्ये कायम लावून ठेवा. १०५ च्या खाली गेला की एसी बंद, मुलं कितीही ओरडली तरी. त्यांना पूलवर पाठवा.

आता व्होल्टेज ११८ दाखवतंय आणि तरी हूं चाललंय असं असेल तर मग संशयित नंबर दोन, कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला उठताना धक्का देणारा भाग. डबीएवढी वस्तू, टपावर उन्हात भाजून निघते आणि हळूहळू कमजोर होते. त्याच्यावर त्याची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये लिहिलेली असते, मीटरवर त्यापेक्षा सहा टक्क्यांहून खाली आले तर बदलायचा, अगदी त्याच आकड्याचा आणता येतो आणि नवीन युनिटच्या मानाने किंमत चहापाण्याएवढी. पण हे करताना थर्मोस्टॅट बंद केला म्हणजे वीज गेली असं समजू नका, खांबावरून केबलच काढा. आणि केबल काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो, तो उतरवता येत नसेल तर हात लावू नका, माणूस बोलवा, फक्त त्याला "आधी कॅपॅसिटर मोजून दाखव" म्हणा.

आणि एक हिशेब. ३० अँप गुणिले १२० म्हणजे ३,६०० वॅट, संपलं. एसी तेरा-चौदा अँप, मायक्रोवेव्ह बारा-तेरा, पाणी तापवायचा विजेचा हीटर आणखी बारा. एसी चालू, कोणी आंघोळीला गेलंय आणि तुम्ही पोहे गरम करायला मायक्रोवेव्ह लावला, की ब्रेकर पडणारच, त्यात एसीचा काय दोष.

प्रश्न : एसी पहिला तासभर मस्त, मग हवा कमी कमी होत बंद. जाळी काढून बघितलं तर आत बर्फ! म्हणजे जास्तच थंड करतोय का? — न्यू जर्सीचे एक काका

उत्तर : नाही काका, उलट आहे. आतल्या कॉइलवरून पुरेशी हवा जात नाहीये, त्यामुळे कॉइल शून्याच्या खाली उतरते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर गोठतं, मग बर्फामुळे हवा अजून कमी, असं ते चक्र. तुमच्याकडे ऑगस्टात दमटपणा मुंबईसारखाच, पंखा लो वर, आणि फिल्टर... खरं सांगा, फिल्टर शेवटचा कधी धुतला? प्रवासात असाल तर दोन आठवड्यांनी तो काढायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवून परत लावायचा. घरात कुत्रं असेल तर आठवड्यानेच. आत्ता बर्फ आहे तो टोकरून काढू नका, कॉइलच्या पत्र्या कागदासारख्या असतात. कूलिंग बंद करून नुसता पंखा हाय वर तासभर चालवा, वितळेल.

फिल्टर स्वच्छ असूनही तसंच होत असेल तर छताची आतली प्लेट उतरवून बघा. वर जिथे एसी बसतो तिथे गार हवा बाहेर जायची वाट आणि खोलीतली हवा परत घ्यायची वाट या दोघींच्या मध्ये नुसती एक भिंत असते, आणि मी जेवढे ट्रेलर उघडून पाहिले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ती भिंत म्हणजे चिकटपट्टीचा एक निघालेला तुकडा होता! गार हवा खोलीत यायच्या आधीच मागच्या दाराने परत एसीत. कॉइल गोठते आणि माणसं उकडतात. उपाय म्हणजे डक्टवाले वापरतात ती ॲल्युमिनियमची टेप. कापडी डक्ट टेप नको, ती उन्हाने सुटते. सगळ्या फटी, कोपरे, डक्टची तोंडं बंद करायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मान दुखते, पण नवीन एसी घेतल्यासारखा फरक पडतो. मला विचाराल तर नवा ट्रेलर घरी आल्यावर सगळ्यात आधी हेच करावं.

एसी नीट चाललाय की नाही हे बघायला एक साधा थर्मामीटर पुरतो. अर्धा तास चालवा, मग परत जाणाऱ्या हवेच्या जाळीशी एकदा आणि जवळच्या गार हवेच्या तोंडाशी एकदा मोजा. १६ ते २२ डिग्री फॅरनहाइटचा फरक असेल तर एसी ठणठणीत आहे. बाहेर ११० आणि आत ८२ झालं म्हणून फिनिक्सच्या एका भाऊंनी तक्रार केलीय, त्यांनाही हेच उत्तर. युनिट सव्वा टनाच्या आतलं, भिंती दोन इंचाच्या, त्याने अजून काय करावं? खिडक्यांना चांदीसारखे पडदे लावा, सावली बघून ट्रेलर उभा करा, आणि सकाळी आठलाच एसी चालू करा, दुपारी ट्रेलर तापल्यावर नाही.

प्रश्न : छतातून पाणी ठिबकतंय. सिलिकॉन मारू का? — एक वाचक, टॅम्पा

उत्तर : थांबा थांबा. पाऊस नसताना फक्त एसी चालू असताना ठिबकतं, की पावसानंतर? एसी चालू असताना असेल तर ते एसीचं स्वतःचं पाणी आहे. हे पाणी मुळात टपावरच सोडायची रचना असते, पण ट्रेलर तिरका उभा असेल किंवा निचऱ्याचं भोक तुंबलं असेल तर ते आत येतं. ट्रेलर लेव्हल करा, भोक साफ करा. पावसानंतर असेल तर गास्केट. टपाला साधारण १४ इंच बाय १४ इंचाचं भोक असतं, त्याच्याभोवती फोमची गास्केट आणि एसी त्याच्यावर, आतून चार बोल्टने खेचलेला. रस्त्याच्या हादऱ्यांनी बोल्ट ढिले होतात. गास्केट दाबून अर्ध्या इंचाची होईपर्यंत चारही सारखे आवळायचे, ४० ते ५० इंच-पाउंड (हे आवळायच्या जोराचं माप), फूट-पाउंड नाही हं! जोर लावून आवळलात तर गास्केट चेपते आणि टपही वाकतं. तरी गळत असेल तर नवीन गास्केट. सिलिकॉन अजिबात नाही, पाणी अडकतं आणि पुढच्या वेळी युनिट उचलताना टपाचं रबर सोलून निघतं.

प्रश्न : आमच्या २,२०० वॅटच्या जनरेटरवर एसी घरी चालायचा, कोलोराडोत एस्टेस पार्कला मात्र उठेना. — ह्यूस्टनहून

उत्तर : हवा विरळ आहे हो तिथे. दर हजार फुटांना जनरेटरची ताकद साधारण तीन टक्के कमी होते, एस्टेस पार्क साडेसात हजार फुटांवर. म्हणजे जवळजवळ पाव ताकद गेली. एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवून घ्या, तो सुरुवातीचा धक्का खूप कमी करतो. तसंही, एस्टेस पार्कला एसी कशाला हवा, खिडकी उघडा की!

प्रश्न : निघायच्या आधी घरी ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर गार करून घ्यायचा आहे. गॅरेजमधून एक्स्टेन्शन चालेल ना? — फ्रीमाँट

उत्तर : मी केलेला मूर्खपणा सांगतो. बागेत वापरायची पातळ केशरी वायर, १६ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), गुंडाळी न सोडताच लावली होती. वीस मिनिटांत प्लगचं टोक वितळलं आणि गॅरेजभर तो वास. १० गेजची, होईल तितकी आखूड, आणि त्या सर्किटवर दुसरं काही नाही. त्यापेक्षा ट्रेलरचं स्वतंत्र ३० अँपचं आउटलेट करून घ्या, पण इलेक्ट्रिशियनला समोर उभं राहून सांगा की हे १२० व्होल्टचं आहे. ३० अँप म्हटलं की कपडे वाळवायच्या ड्रायरचं समजून २४० व्होल्ट जोडून देणारे खूप आहेत, आणि एकदा केबल लावली की एसीच काय, मायक्रोवेव्हसकट सगळं एका क्षणात जळतं. केबल लावायच्या आधी मीटरने दोन चपट्या खाचांमध्ये मोजा. १२० आलं तरच पुढे.

प्रश्न : आम्ही पुण्यात जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन करतोय. भाऊ ओहायोहून वापरलेला टपावरचा एसी स्वस्तात पाठवतो म्हणतोय, ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना? — कोथरूडचा एक वाचक

उत्तर : भावाला सांगा त्याऐवजी चॉकलेटं पाठव. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्यातली साधी मोटर इथे सहाऐवजी पाच भाग वेगाने फिरणार, हवा कमी आणि तापणार जास्त. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचेच टपावरचे एसी युरोप-ऑस्ट्रेलियाच्या कॅरॅव्हॅनला असतात, घ्यायचाच तर तसा बघा. आणि बॅटरीवर रात्रभर चालवायचं स्वप्न असेल तर हिशेब करा, १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-अवर, आणि असा एसी तासाला तेराशेच्या आसपास खातो. तासभरही नाही पुरणार. अजून एक, युनिटमुळे उंची जवळजवळ फूटभर वाढते, तेव्हा नवीन उंची मोजून स्टिअरिंगजवळ ठळक लिहून ठेवा, सोसायटीच्या पार्किंगचं बीम बघायच्या आधी.

जाता जाता, वर्षातून एकदा टपावर चढून प्लॅस्टिकचं कव्हर काढा (सकाळी, दव वाळल्यावर, टप निसरडं असतं). आत कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास सापडतं, ते काढा. बाहेरची कॉइल मऊ ब्रशने आणि हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर नाही. वाकलेल्या पत्र्या सरळ करायला त्याची फणी मिळते. कव्हरला तडे गेले असतील तर आत्ताच बदला, हायवेवर ते उडून मागच्या गाडीच्या काचेवर गेलं तर एसीचा खर्च फार स्वस्त वाटेल.