वाचकांचे प्रश्न : बंद शाळेतला शनिवार

प्रश्न : ‘द ब्रेकफास्ट क्लब’ हा जुना अमेरिकी चित्रपट नुकताच पाहिला. शिक्षा म्हणून शनिवारी शाळेच्या ग्रंथालयात बसवलेली पाच मुले आणि त्यांचा तो एक दिवस, एवढीच गोष्ट. पण ती मुले अभिनय करत आहेत असे क्वचितच वाटते. हे कसे साधले असेल? चालू शाळेत एवढे चित्रीकरण करू दिले का? आणि ॲलिसन आपल्या चित्रावर डोक्यातला कोंडा पाडते, तो खरा असतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शाळा चालू नव्हतीच. शिकागोजवळच्या डेस प्लेन्स येथील मेन नॉर्थ हायस्कूल १९८१ मध्ये बंद झाले होते आणि १९८४ च्या वसंतात दिग्दर्शक जॉन ह्यूज यांनी ती रिकामी इमारत चित्रीकरणासाठी घेतली. तिथले मूळ ग्रंथालय मात्र त्यांना हवे तेवढे प्रशस्त नव्हते, म्हणून शाळेच्या जिममध्ये दुमजली ग्रंथालयाचे नेपथ्य उभारण्यात आले. मुले ज्या कठड्यापाशी नाचतात तो मुळात जिममध्ये बांधलेला आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

सहजतेचे श्रेय आमच्या मते प्रामुख्याने चित्रीकरणाच्या क्रमाला जाते. एरवी स्थळ, प्रकाशयोजना आणि कलावंतांच्या तारखा पाहून प्रसंग मागेपुढे चित्रित केले जातात, आणि त्यामुळे शेवटचा निरोप पहिल्याच आठवड्यात उरकण्याची वेळही येते. येथे आधी नाटकासारख्या तालमी झाल्या आणि नंतर चित्रीकरण बहुतांशी कथेच्या क्रमानेच झाले. जवळजवळ सगळी गोष्ट एकाच खोलीत घडत असल्याने ही चैन परवडण्यासारखी होती. परिणामी, जमिनीवर गोल बसून मुले मन मोकळे करतात त्या प्रसंगापर्यंत पोहोचेस्तोवर कलावंतही पात्रांइतकेच एकमेकांना सरावलेले होते.

भूमिकेत शिरण्याचा अतिरेकही झाला. बेंडरचे काम करणारा जड नेल्सन कॅमेरा बंद असतानाही मॉली रिंगवाल्डला त्याच उद्धटपणे डिवचत असे आणि त्यामुळे ह्यूज त्याला काढून टाकण्याच्या बेतात होते. उपमुख्याध्यापकाची भूमिका करणारे पॉल ग्लीसन आणि इतर सहकलाकार यांनी त्याची बाजू घेतली, म्हणून तो राहिला. पडद्यावर त्याच्यावर डाफरणाऱ्या ग्लीसन यांनीच त्याला वाचवावे, हा योग पटकथेतही सुचला नसता. शिवाय नेल्सनचा जन्म १९५९ चा आणि रिंगवाल्डचा १९६८ चा, त्यामुळे वर्गमित्र म्हणून दिसणाऱ्या या दोघांत प्रत्यक्षात आठ वर्षांहून अधिक अंतर होते. पाचांपैकी खरोखर शाळकरी वयाचे म्हणावेत असे दोघेच, ती आणि अँथनी मायकल हॉल.

कोंड्याचे म्हणाल, तर तो पार्मेझान चीजचा कीस होता.