दाढदुखीला लवंगेचं तेल आणि हिरड्यांना मशेरी, दोन्ही नैसर्गिकच. मग गुहागरची आजी सांगते तसं लावू का?

लवंग चालेल. मशेरी अजिबात नको.

लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं. ते जागा बधिर करतं, जंतूही मारतं. डेंटिस्टच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही झिंक ऑक्साइडसोबत हेच असतं, म्हणून तर दवाखान्यात तो वास येतो! पण नुसतं तेल हिरडीला लागलं तर पोळतं. एखादा थेंब खोबरेलात मिसळून कापसाच्या बोळ्यानं दाढेवर धरा, गिळू नका. लहान मुलांना देऊ नका. ठणका दबला तरी कीड तिथेच असते. गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खोबरेलाच्या गुळण्या करायच्या तर करा. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक अॅसिड असतं, हिरड्यांना थोडा फायदा होतो. किडीपासून बचाव मात्र फ्लोराइडच्या पेस्टनंच. हळदीतलं करक्युमिन सूज उतरवायला मदत करतं, पण दातांवरचं किटण त्यानं निघत नाही, ते डेंटिस्टकडूनच काढून घ्यावं लागतं.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त कमी येतं आणि आजीला वाटतं गुण आला. आत रोग वाढतच असतो, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका. सुपारीही त्याच पंगतीतली, मग ती श्रीवर्धनची रोठा का असेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ती कॅन्सरकारक ठरवली आहे, तंबाखू न घालता खाल्ली तरी.