बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास पाहताना

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही नुकतेच बुलढाणा जिल्ह्यात राहायला आलो आहोत. शाळकरी मुलांना येथील ऐतिहासिक स्थळे दाखवायची आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात सिंदखेडराजापासून करावी. येथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला असे मानले जाते. मात्र राजवाड्याचे प्रवेशद्वार पाहून परतणे पुरेसे नाही. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांच्या समाधीची भव्य वास्तू अवश्य पाहावी आणि १६२९ साली निजामशाही दरबारात त्यांची मुलांसह हत्या झाली, हे मुलांना तेथेच उभे राहून सांगावे. त्यानंतर मोती तलावाच्या दगडी बांधावर जावे, कारण पाणी कसे अडवले जात असे हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

लोणारसाठी मात्र पूर्ण दिवस ठेवावा. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून तळाचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे, तर काठावरच्या ‘धार’ या झऱ्याचे पाणी गोडे आहे. बहुतेक पर्यटक सरोवर पाहूनच निघतात, याचे आम्हांला फार वाईट वाटते; कारण गावातील दैत्यसूदन मंदिर तितकेच मोलाचे आहे. त्याच्या बाह्यभिंतींचे कोन एकापुढे एक सरकत चांदणीच्या आकाराची (तारकाकृती) तळरचना साधतात आणि छतावर पुराणकथा कोरलेल्या आहेत. ही शिल्पे नीट दिसावीत म्हणून सोबत दुर्बीण ठेवावी. वाटेत मेहकर लागल्यास शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातील विष्णुमूर्तीही पाहावी.